साखरेचे पोते आणि प्लास्टिकचा कण

येत्या २३ जूनला महाराष्ट्रातील प्लास्टिकबंदी प्रत्यक्ष लागू झाल्याला आठ वर्षे पूर्ण होतील. २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना निघाली, हाताशी असलेला साठा संपवायला तीन महिन्यांची मुदत मिळाली आणि जूनअखेरीस गावोगावच्या पेठांतून पथके फिरू लागली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, असा तो कडक कायदा होता. काही दिवस कापडी पिशव्या बाहेर आल्या, दुकानदार 'घरून डबा आणा' म्हणू लागले. पुढे पथके विरळ झाली आणि मंडईत पातळ पिशवी परत आली. मधल्या काळात केंद्रानेही नियम कडक केले. पिशवीची किमान जाडी ५० मायक्रॉनवरून ७५ आणि २०२२ च्या अखेरीस १२० मायक्रॉन झाली. एकदाच वापरून फेकायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली.

या सगळ्या धोरणामागे एक समजूत आहे: प्लास्टिक म्हणजे कचरा. गटारी तुंबतात, जनावरांच्या पोटात पिशव्या सापडतात, नदीकाठ विद्रूप होतो, म्हणून बंदी. हे खरेच आहे, पण अपुरे आहे. गेल्या काही वर्षांत जे पुरावे समोर आले, त्यांनी हा प्रश्न उकिरड्यावरून उचलून स्वयंपाकघरात आणून ठेवला आहे. पिशवीची जाडी मोजणाऱ्या कायद्याकडे पिशवी झिजून तिचे जे कण होतात आणि अन्नात शिरतात, ते मोजायची सोय नाही. सांगलीने याकडे इतरांपेक्षा अधिक गांभीर्याने पाहायला हवे, कारण हा जिल्हा देशाला साखर, हळद, बेदाणा, द्राक्षे आणि दूध पुरवतो. आपण जे पिकवतो आणि पोत्यात भरतो, ते कोणाच्या तरी ताटात जाते.

ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या 'टॉक्सिक्स लिंक' या संस्थेने मीठ आणि साखरेतील प्लास्टिकच्या कणांचा अहवाल प्रसिद्ध केला. ऑनलाइन आणि स्थानिक बाजारांतून घेतलेले मिठाचे दहा आणि साखरेचे पाच प्रकार तपासले गेले. एकही नमुना निर्मळ निघाला नाही. आयोडीनयुक्त मिठात किलोमागे सर्वाधिक म्हणजे ८९.१५ कण सापडले. साखरेत हे प्रमाण किलोमागे ११.८५ ते ६८.२५ होते. धागे, पापुद्रे, गोळ्या, तुकडे अशा नाना रूपांत ते होते आणि त्यांचा आकार ०.१ ते ५ मिलिमीटर होता. त्याहून बारीक कण पाहायला वेगळी यंत्रे लागतात. हा आकडा पन्नास किलोच्या पोत्याला लावून पाहिला, तर एका पोत्यात सुमारे सहाशेपासून साडेतीन हजारांच्या आसपास कण होतात.

या अहवालात सांगलीचे नाव नाही. पाच नमुन्यांवरून आपल्या जिल्ह्यातील साखरेवर शिक्का मारणे अन्यायाचे ठरेल. पण भुईंजपासून रेठऱ्यापर्यंत आणि साखराळ्यापासून वांगी-कुंडलपर्यंत कृष्णाकाठची सारी अर्थव्यवस्था ज्या पदार्थावर उभी आहे, त्याच्याविषयी असा अहवाल येतो आणि कारखान्यांच्या पातळीवर त्याची जाहीर चर्चाही घडत नाही, हे बरोबर नाही. साखर उतारा आपण दोन दशांशांपर्यंत मोजतो. रंग, दाण्याचा आकार, ओल, सगळे तपासतो. त्या यादीत आणखी एक तपासणी घालायला काय हरकत आहे?

हे कण येतात कुठून, ते समजून घ्यायला हवे. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ मध्ये समुद्रातल्या अशा कणांवर लिहिलेल्या लेखानंतर ही संज्ञा रूढ झाली. प्लास्टिक कुजत नाही, पण उन्हाने ते ठिसूळ होते, घासले की झिजते, तापवले की त्याचे कण सुटतात. आता आपल्या शिवाराकडे या नजरेने पाहा. तासगाव, कवठेमहांकाळ, जत भागातील बेदाण्याची शेड आठवा. डिपिंग करून आणलेली द्राक्षे शेडनेटच्या जाळीवर थरावर थर पसरतात आणि पंधरवडाभर वाऱ्यावर सुकवतात. तीच जाळी पुढच्या हंगामात, त्याच्याही पुढच्या हंगामात, उन्हाने पांढुरकी पडेपर्यंत वापरली जाते. २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या जाळीवर हा बेदाणा सुकतो, तिचे आयुष्य किती हंगामांचे असावे, याचा नियम कोणी घालून दिलेला नाही. भाजीपाल्याच्या, कलिंगडाच्या गादीवाफ्यांवर मल्चिंग पेपर म्हणजे प्लास्टिकचा पातळ कागद अंथरला जातो. त्याने तण थांबते, पाणी वाचते, उत्पन्न वाढते. शेतकरी उगाच खर्च करत नाही. हंगाम संपला की तो कागद निघतो तेव्हा त्याच्या चिंध्या झालेल्या असतात. निम्म्या बांधावर जळतात, उरलेल्या नांगरटीत मातीत जातात. ठिबकच्या जुन्या नळ्यांचीही तीच गत. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरही हाच कागद आहे आणि फळ विकायलाही प्लास्टिकचीच डबी आहे.

मग नदी. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड, भिलवडी, औदुंबर करत सांगलीत येते तोवर काठावरच्या कित्येक गावांचे सांडपाणी आणि कचरा तिने पोटात घेतलेला असतो. सांगलीत शेरीनाल्यातून नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्याचे दुखणे तर दशकानुदशके चालत आले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पाणी उतरल्यावर काठच्या बाभळींना आणि उसाच्या शेंड्यांना प्लास्टिकच्या चिंध्या लटकलेल्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. दिसणारे प्लास्टिक स्वयंसेवकांनी गोळा केले. गाळाबरोबर रानात बसलेले कोणी गोळा करणार? त्याच नदीचे पाणी शहर पिते आणि तेच उसाला, हळदीला जाते.

आता शरीराकडे वळू. इथे भडक बोलायचा मोह टाळला पाहिजे. माणूस दर आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढे प्लास्टिक खातो, हे वाक्य २०१९ पासून जगभर फिरते आहे. पुढच्या अभ्यासकांनी त्यामागचा हिशेब फुगवलेला असल्याचे दाखवून दिले. मानवी उतींमधील कण मोजणाऱ्या काही प्रयोगांवरही, प्रयोगशाळेतलेच प्लास्टिक नमुन्यात मिसळले असावे, असे आक्षेप आहेत. हे आक्षेप मान्य करूनही जे उरते ते थोडे नाही. २०२२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी २२ रक्तदात्यांचे रक्त तपासले, त्यातल्या १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक आढळले. इटलीत ३४ मातांच्या दुधाचे नमुने पाहिले, त्यातल्या २६ नमुन्यांत कण होते. मार्च २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला इटलीचाच अभ्यास अधिक गंभीर आहे. मानेतल्या रक्तवाहिनीत साठलेला चरबीचा थर शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांचा त्यात पाठपुरावा झाला. १५० जणांच्या त्या थरात पॉलिथिलिन सापडले. ज्यांच्या थरात प्लास्टिकचे कण होते, त्यांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या साडेचार पट होता. प्लास्टिकमुळेच हे झाले, असे या अभ्यासाने सिद्ध केलेले नाही. दोन गोष्टी सोबत आढळल्या, एवढेच तो सांगतो. तरीही असा निष्कर्ष एखाद्या औषधाबाबत आला असता, तर ते औषध दुसऱ्या दिवशी चौकशीच्या फेऱ्यात आले असते. शंभरावर वर्षांची वैद्यकीय परंपरा सांगणाऱ्या मिरजेसारख्या गावात, जिथे दूरदूरचे रुग्ण हृदयाच्या आणि मेंदूच्या उपचारांसाठी येतात, तिथे या विषयावर संशोधन सुरू व्हायला हवे.

पूर्ण पुरावा हाती येईपर्यंत थांबावे का? या प्रश्नाचे उत्तर सांगली जिल्ह्याला पुस्तकात शोधायची गरज नाही. ते आपल्या द्राक्षबागायतदारांनी स्वतःच्या अंगावर घेतलेल्या फटक्यात आहे. २०१० च्या हंगामात युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अंश सापडले. बागायतदार ज्याला लिहोसिन म्हणून ओळखतात, तेच हे संजीवक. वेलीची शाकीय वाढ रोखायला ते सर्रास वापरले जायचे. किलोमागे मिलिग्रॅमच्या अंशात मोजायचे ते प्रमाण. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. पण बंदरांवर कंटेनर अडकले, भाव कोसळले, निर्यातदार आणि बागायतदार दोघेही पोळले. त्यानंतर काय झाले? कोणी 'एवढ्याशा अंशाने काय होते' म्हणत बसले नाही. तपासायच्या रसायनांच्या यादीत त्याची भर पडली. निर्यातीच्या बागांची प्लॉटवार नोंदणी, काढणीपूर्वी नमुना, प्रयोगशाळेचा दाखला, ही 'ग्रेपनेट'ची पद्धत आधीच होती, ती अधिक कसोशीने राबवली गेली. आज तासगावच्या वाड्यावस्त्यांवरचा शेतकरी 'रेसिड्यू' हा शब्द मराठीच असल्यासारखा वापरतो. कोणत्या औषधाचा अंश किती दिवस राहतो, हे त्याला तोंडपाठ असते.

म्हणजे न दिसणारी गोष्ट मोजायची, तिच्यासाठी शिस्त पाळायची आणि त्या शिस्तीतून भाव मिळवायचा, हे या जिल्ह्याने करून दाखवले आहे. फरक एवढाच की तेव्हा दट्ट्या परदेशी ग्राहकाचा होता. आपल्याच माणसांच्या ताटासाठी आपण तीच शिस्त आपणहून लावून घेणार की पुन्हा एखादा कंटेनर अडकायची वाट पाहणार, हा खरा प्रश्न आहे. वाट पाहिली तर पुढचा फटका बेदाण्याला किंवा हळदीला बसेल, अशी आमची भीती आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. तिचा बाजार देशाबाहेरही आहे. एकेकाळी हरिपूरच्या पेवांत ही हळद वर्षानुवर्षे साठवली जायची. अरुंद तोंडाच्या, पोटाशी रुंद अशा त्या खोल खड्ड्यांत किडीला वाव नसे. २००५ च्या पुराने त्यातली बरीच पेवे निकामी केली. पेवांचे दिवस परत आणा, असे कोणी म्हणणार नाही. पण शेकडो टन माल प्लास्टिकवाचून टिकवण्याचे शास्त्र या मातीत होते, याची आठवण कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राने आणि बाजार समितीने ठेवावी.

साखरेच्या पोत्याचा वाद मात्र सरळ नाही आणि तो सरळ असल्याचे भासवण्यात अर्थ नाही. १९८७ च्या कायद्याखाली साखरेपैकी २० टक्के तागाच्या पोत्यात भरावी, असा केंद्राचा नियम आहे. कारखानदारांना तो नको असतो. तागाचे पोते महाग पडते, ओल ओढते, त्याचे तंतू साखरेत पडतात आणि ताग मऊ करायला वापरलेल्या तेलाचा अंशही येऊ शकतो, हे त्यांचे आक्षेप आहेत. त्यांत तथ्य आहे. पण प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्यालाही तीच कसोटी का लावू नये? शिलाई होताना, हमालाच्या आकड्याने ओढले जाताना, ट्रकमध्ये थप्पी लागताना, गोदामात घासताना त्या पोत्याच्या पट्ट्या फाटतात, त्यांची तुसे निघतात. किरकोळ दुकानात ते पोते उसवून त्यातलीच साखर पुन्हा छोट्या पिशव्यांत भरली जाते. दोन्ही पोत्यांतली साखर एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने, भरण्याच्या दिवशी आणि सहा महिन्यांनी तपासावी. जे पोते स्वच्छ ठरेल ते वापरावे. या कामाला मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेइतकी योग्य जागा दुसरी नाही. तिच्या नावातच सांगलीचा माणूस आहे आणि ती कारखान्यांच्याच पैशांवर उभी आहे.

केंद्र पातळीवर हालचाल सुरू झाली आहे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने मार्च २०२४ मध्ये अन्नातील सूक्ष्म आणि अतिसूक्ष्म प्लास्टिक मोजण्याच्या पद्धती ठरवण्यासाठी प्रकल्प हाती घेतला. लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था, कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था आणि पिलानीचे बिट्स या संस्था त्यात आहेत. पद्धत ठरल्याशिवाय मर्यादा ठरत नाही आणि मर्यादा नसेल तर अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक कोणावर आणि कशाच्या आधारे कारवाई करणार? म्हणून हा प्रकल्प महत्त्वाचा. जागतिक पातळीवर मात्र निराशाच आहे. प्लास्टिकविषयक जागतिक कराराची बोलणी ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात कराराविना संपली. उत्पादनालाच आवर घालायचा की फक्त कचऱ्याची व्यवस्था लावायची, यावर देशांचे जमले नाही. उकिरडा की ताट, हाच वाद तिथेही होता.

घरी काय करता येईल, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. सगळ्यात आधी गरम पदार्थ आणि प्लास्टिक यांची गाठ तोडावी. टपरीवरून पातळ पिशवीत चहाचे पार्सल येते, मिसळीचा उकळता कट पिशवीला गाठ मारून दिला जातो, हे थांबलेच पाहिजे. कागदी कपही निर्धोक नाही. त्याच्या आत प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीने २०२० मध्ये मोजले, तेव्हा पंधरा मिनिटांत १०० मिलिलिटर गरम पाण्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरले होते. राज्याने अशा कपांवर जुलै २०२२ मध्येच बंदी घातली आहे, तरी बैठकांपासून बारशांपर्यंत तेच चालू आहेत. बाळाच्या प्लास्टिकच्या बाटलीत कडकडीत पाणी घालून दूध कालवणे तर कटाक्षाने टाळावे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या अभ्यासात अशा बाटल्यांतून लिटरमागे एक कोटी साठ लाखांपर्यंत कण सुटलेले आढळले. पाणी स्टीलच्या भांड्यात गरम करावे, दूध तिथेच कालवावे आणि कोमट झाल्यावर बाटलीत भरावे.

बाटलीबंद पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हा समजही सोडावा. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये लिटरमागे सरासरी २,४०,००० कण नोंदवले. त्यातले नव्वद टक्के अतिसूक्ष्म होते आणि काही तर पाणी शुद्ध करणाऱ्या गाळणीतूनच आलेले असावेत. लग्नात प्रत्येक पानाशेजारी छोटी बाटली ठेवणाऱ्यांनी पुन्हा तांब्या-पेल्याकडे वळावे. जत-आटपाडीकडे बोअरचे पाणी जड असते. चीनमधल्या संशोधकांना २०२४ मध्ये असे आढळले की जड पाणी पाच मिनिटे उकळून गाळले, तर त्यातले नव्वद टक्क्यांपर्यंत कण खाली बसणाऱ्या चुनखडीत अडकतात. मऊ पाण्यात हे प्रमाण सुमारे पंचवीस टक्केच असते. पाणी उकळून, निवळून, गाळून प्यायची जुनी सवय ज्या घरांनी मोडली नाही, त्यांनी ती मोडू नये.

पण घरच्या सवयींवर सगळा भार टाकणे योग्य नाही. गृहिणीने स्टीलचा डबा घेतला म्हणून पोत्यातला कण निघत नाही. तो कारखान्यात, शेडवर, बाजार समितीच्या आवारात आणि महापालिकेच्या सांडपाणी केंद्रातच अडवावा लागेल. आठ वर्षांत दंडाच्या पावत्या पुष्कळ फाटल्या. आता पुढची पायरी हवी. वालचंद अभियांत्रिकी आणि विलिंग्डन महाविद्यालय, मिरजेचे वैद्यकीय महाविद्यालय आणि महापालिका यांनी एकत्र येऊन कृष्णेच्या पाण्याचे, साखरेचे, हळदीचे, बेदाण्याचे नमुने घ्यावेत आणि आकडे लोकांसमोर ठेवावेत. जुने मल्चिंग आणि शेडनेट परत घ्यायची जबाबदारी ते विकणाऱ्या कंपन्यांवर टाकावी. कृषी विभागाच्या अनुदानालाही तीच अट असावी.

सप्टेंबरमध्ये सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा होतील. उसाच्या रास्त दरावर (एफआरपी) आणि थकबाकीवर आवाज उठेल आणि उठायलाच हवा. सातारा-सांगलीच्या ऊसउत्पादक सभासदांना आमची विनंती आहे की त्याच सभेत उभे राहून त्यांनी आणखी एक प्रश्न लेखी विचारावा: आपल्या कारखान्याच्या साखरेची मायक्रोप्लास्टिकसाठी तपासणी झाली आहे का, आणि झाली असेल तर तो अहवाल सभासदांना कधी मिळणार?